मोटारीच्या कार्ब्युरेटरास घरगुती आडोसा

उन्हाळ्यांत भर दुपारीं रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी राहिलेली जुनी मोटार व तिच्यापुढें ओलें फडकें हातांत घेऊन घाम पुसणारा चालक हें दृश्य आजच्या विद्यार्थ्यांच्या फारसें पाहण्यांत येत नसेल. त्यांच्या पालकांच्या मात्र तें चांगलेंच परिचयाचें असेल. टाकींत पेट्रोल आहे, बॅटरी चांगली आहे, ठिणगी पडत आहे, घटकेपूर्वीं एंजिन सुरळीत चाललें होतें. आणि तरीही दहा मिनिटें थांबून पुन्हां सुरू करूं म्हटलें तर तें सुरू होत नाहीं. चालक म्हणतो, "गाडीनें एअर धरली." या म्हणण्यांत तथ्य कितपत आहे, हा प्रकार कां घडतो, आणि वीतभर लांबीच्या अल्युमिनियमच्या पत्र्यानें त्याचा बंदोबस्त कसा करतां येतो, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

माझें बालपण वरळीच्या बीडीडी चाळींत गेलें. १९२० नंतरच्या चार-पांच वर्षांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें ज्या काँक्रीटच्या चाळी बांधल्या, त्यांपैकीं १२१ एकट्या वरळींत होत्या. तळमजला व वर तीन मजले. एका कुटुंबास १६० चौरस फुटांची एक खोली. अशा घरांत हत्यारें पसरावयास जागा कोठली? जें कांहीं कापावयाचें, ठोकावयाचें, कानस मारावयाची, तें जिन्याखालीं नाहीं तर जांबोरी मैदानाच्या कडेला. आमचा आडोसाही तेथेंच तयार झाला. (त्या चाळींच्या जागीं आतां उंच इमारती उभ्या राहत असून १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या देण्यांत आल्या.)

वडील टॅक्सी चालवीत. मुंबईंत टॅक्सी म्हटली म्हणजे फियाट असा त्या काळीं जवळजवळ नियमच होता. परंतु वडिलांच्या हातीं असलेली गाडी जुनी अँबॅसडर होती, व ती त्यांच्या मालकीची नव्हती. दिवसाअखेर ठरलेली रक्कम मालकाच्या हातीं ठेवावी लागे, मग गाडी दिवसभर धांवो कीं तासन् तास बंद पडो. वर उरेल तें आमचें. १९७६ च्या मे महिन्यांत एके दिवशीं बोरीबंदरला आगगाडीसाठीं निघालेलें एक कुटुंब त्यांच्या गाडींत होतें. हाजीअलीच्या पुढें, पेडर रोडचा चढ लागण्यापूर्वीं, कांहीं औषध घेण्याकरितां त्यांनीं गाडी थांबविली. औषध घेऊन मंडळी परतलीं तों एंजिन सुरू होईना. उतारूंनीं भाडें न देतांच दुसरी टॅक्सी केली, आणि त्यांत त्यांची चूक नव्हती. त्या आठवड्यांतील ही तिसरी खेप. रात्रीं मालकाचे पैसे चुकते करण्यासाठीं आईनें डब्यांतील फीचे पैसे काढून दिले, तेव्हां ही "एअर" म्हणजे काय, हें समजून घेण्याची मला निकड वाटूं लागली. मी त्या वेळीं नववींत होतों.

प्रथम पेट्रोलचा स्वभाव पाहूं. पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळतें. पेट्रोल हा तसा एकजिनसी पदार्थ नव्हे. तें अनेक हलक्या व जड द्रवांचें मिश्रण असतें. त्यांतील अगदीं हलका भाग ३५-४० अंशांवरच उकळूं लागतो, तर जड भागाची वाफ होण्यास २०० अंशांच्या आसपास जावें लागतें. हा हलका भाग मुद्दाम ठेवलेला असतो. तो नसेल तर थंडींत सकाळीं एंजिन पेटणार नाहीं. परंतु मे महिन्याच्या दुपारीं बंद बॉनेटखालीं साठ-सत्तर अंश उष्णता होणें हें कांहीं नवल नव्हे. म्हणजे पेट्रोलचा एक अंश तेथें केव्हांही उकळावयास तयारच असतो.

आतां कार्ब्युरेटर. पेट्रोल व हवा यांचें योग्य प्रमाणांत मिश्रण करून तें एंजिनास पुरविणें हें त्याचें काम. त्याच्या एका अंगास पेट्रोलचा लहानसा हौद असतो. चाळीच्या पाण्याच्या टाकींत तरंगणारा चेंडू जसा पाणी भरलें कीं तोटी बंद करतो, तसाच एक "फ्लोट" या हौदांत असून तो पेट्रोलची पातळी कायम राखतो. हौदांतून एक बारीक छिद्र, म्हणजे "जेट", कार्ब्युरेटरच्या गळ्यांत उघडतें. एंजिन हवा ओढूं लागलें कीं अरुंद गळ्यांतून ती वेगानें जाते, तेथील दाब कमी होतो, आणि जेटमधून पेट्रोलचा फवारा तिच्यांत मिसळतो.

गाडी चालू असतांना या हौदांतील पेट्रोल सहसा तापत नाहीं. एक तर टाकींतून थंड पेट्रोल सारखें येत असतें. शिवाय पंख्याचा व समोरचा वारा लागतो. खरी अडचण गाडी थांबविल्यावर सुरू होते. पंखा थांबला, वारा थांबला, पेट्रोलची ये-जा थांबली. परंतु जळलेला वायु बाहेर नेणारा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड अद्याप कित्येकशें अंश तापलेला आहे. त्याची धग सारी वर जाते, आणि वर कोण बसला आहे? कार्ब्युरेटर! गाडी उभी केल्यावर दहा-पंधरा मिनिटें कार्ब्युरेटर थंड होण्याऐवजीं उलट अधिकाधिक तापत जातो, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाहीं. पण चालकास नडते ती हीच. हौदांतील पेट्रोल उकळतें, जेटमधून ओथंबून एंजिनाच्या वाटेंत सांडतें, आणि तेथें पेट्रोल इतकें अधिक व हवा इतकी थोडी होते कीं मिश्रण पेट घेत नाहीं. अशा वेळीं बॉनेट उघडल्याबरोबर पेट्रोलचा उग्र वास येतो.

दुसरा प्रकार नळींत व पंपांत घडतो. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत पडद्याचा पंप एंजिनालाच बसविलेला असे व तो मागच्या टाकींतून पेट्रोल ओढून घेई. ओढल्यानें नळींतील दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला कीं द्रवाचा उत्कलनबिंदु खालीं येतो. प्रेशर कुकरमध्यें दाब वाढवून आपण पाण्यास १०० अंशांच्या वर उकळावयास लावतों; येथें नेमकें त्याच्या उलट घडतें. नळींत वाफेचा फुगा झाला कीं पंपाचा पडदा त्या फुग्यालाच दाबीत व सोडीत बसतो. पेट्रोल पुढें सरकत नाहीं. चालकांची "एअर" ती हीच, मात्र ती हवा नसून पेट्रोलचीच वाफ होय. पंपावर ओलें फडकें ठेवण्याचा त्यांचा उपाय अडाणीपणाचा नव्हता. फडक्यांतील पाणी वाळतांना पंपाची उष्णता घेऊन जातें, वाफेचें पुन्हां पेट्रोल होतें, आणि गाडी चालू होते. उपाय बरोबर, परंतु वेळ खाणारा. आणि टॅक्सीवाल्याची वेळ हीच त्याची मिळकत.

अँबॅसडरच्या बाबतींत आणखी एक गंमत आहे. ही गाडी म्हणजे इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डचीच आवृत्ति. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यांत ती २०१४ पर्यंत तयार होत असे. तिच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या एंजिनांत हवा आंत घेणारा व जळलेला वायु बाहेर सोडणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूस असून ते एके ठिकाणीं परस्परांस मुद्दाम भिडविलेले असत. थंड देशांत पेट्रोलची वाफ लवकर व्हावी हा त्यांतील हेतु. तिकडे जो गुण तोच वरळीच्या उन्हांत अवगुण ठरला, एवढेंच. याच जातीचें, थोडें मोठें एंजिन ज्या एमजीबी नांवाच्या इंग्रजी गाडींत बसविलें जाई, तिच्या कार्ब्युरेटरांखालीं कारखान्यांतूनच उष्णता अडविणारा पत्रा येत असे. म्हणजे आम्हीं पुढें जें केलें तें कांहीं आमचें संशोधन नव्हे.

आमच्याच मजल्यावर राहणारे एक काका गिरणीच्या बॉयलर-खात्यांत फिटर होते. वडिलांनीं आपली अडचण त्यांना सांगितली, आणि पुढच्या रविवारीं त्यांनीं जुन्या डब्याचा पत्रा कापून कार्ब्युरेटरभोंवतीं एक पेटीच तयार केली. सर्व बाजूंनीं बंद. आम्हांला वाटलें, आतां उष्णता आंत शिरणार कोठून? परंतु गाडी पूर्वींपेक्षां लवकर बंद पडूं लागली! उष्णता खालून वहनानें, म्हणजे धातूंतून धातूंत, आंत शिरत होतीच; पेटीनें केलें एवढेंच कीं तिला बाहेर जाऊं दिलें नाहीं. आंतली हवा कोंडली गेली.

मग काकांनीं अ‍ॅस्बेस्टॉसचा पुठ्ठा आणला. गिरणींत वाफेच्या नळांना हेंच गुंडाळीत, तेव्हां उष्णतेवर हाच रामबाण उपाय असें त्यांना वाटणें साहजिक होतें. जिन्याखालीं बसून त्यांनीं तो करवतीनें कापला, व त्याची पांढरी भुकटी मीं माझ्या हातांनीं झाडून काढली. पंधरा दिवसांत तो पुठ्ठा तेल व पेट्रोल पिऊन काळा झाला, कडेनें भुगा होऊन गळूं लागला, आणि पेट्रोलनें भिजलेला पुठ्ठा तापलेल्या मॅनिफोल्डजवळ ठेवणें म्हणजे आगीला निमंत्रण, हें पाहून वडिलांनीं तो काढून टाकला.

येथें थोडें थांबून सांगितलें पाहिजे. जुन्या मेकॅनिकांकडून आजही कोणी हा उपाय ऐकला असेल, तर त्यानें तो मुळींच करूं नये. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतु इतके सूक्ष्म असतात कीं ते श्वासाबरोबर फुप्फुसांत खोल जाऊन तेथेंच राहतात, आणि त्यांपासून होणारे रोग वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनीं प्रकट होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९७७ सालींच तें कर्करोगास कारण होतें असें नमूद केलें. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिलेल्या निकालांत अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांच्या प्रकृतीची नोंद कामास लागल्यापासून किमान ४० वर्षें, अथवा काम सुटल्यापासून १५ वर्षें, ठेवण्याचा आदेश दिला. आमच्या काकांच्या प्रकृतीची नोंद कोणीं ठेविली नव्हती. पुढें जिना चढतांना ते प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून उभे राहत. चाळींत त्यास गिरणीचा दमा म्हणत.

अखेर वाट सांपडली ती शाळेच्या प्रयोगशाळेंत. उष्णता तीन मार्गांनीं जाते: वहन, अभिसरण व प्रारण, हें आम्ही पाठ केलें होतें, परंतु तीन मार्गांना तीन वेगळे अडथळे लागतात हें लक्षांत आलें नव्हतें. आमच्या शिक्षकांनीं लेस्लीचा घन दाखविला. स्कॉटलंडांतील जॉन लेस्ली यांच्या १८०४ सालच्या ग्रंथानें प्रसिद्ध झालेलें हें साधन म्हणजे गरम पाण्यानें भरलेला एक धातूचा डबा. त्याची एक बाजू काजळीनें काळी केलेली, एक घासून लख्ख केलेली. पाणी तेंच, डबाही तोच. परंतु काळ्या बाजूसमोर हात धरला तर धग लागते व चकचकीत बाजूसमोर जवळजवळ लागत नाहीं. जो पृष्ठभाग प्रारण सोडण्यांत कंजूष असतो तो तें घेण्यांतही कंजूष असतो. घासलेलें अल्युमिनियम आपल्यावर पडलेल्या प्रारणांपैकीं शेंकडा ९० हून अधिक परत फिरवितें. घरीं, वडील माणसांसमक्ष, गरम इस्त्री उभी ठेवून तिच्यासमोर वीतभर अंतरावर हाताची पाठ धरावी व मध्यें चकचकीत पत्र्याचा तुकडा सरकवावा. धग तत्काळ थांबते. मग त्या तुकड्यास इस्त्रीच्या बाजूनें काजळी लावून पुन्हां पाहावें. कांहीं वेळानें पत्रा स्वतःच तापून हाताला धग देऊं लागतो.

तेव्हां जाड पुठ्ठ्याची गरज नव्हती. प्रारणासाठीं चकचकीत पातळ पत्रा, वहनासाठीं उष्णता न नेणारा ठोकळा, आणि अभिसरणासाठीं मोकळी हवा, एवढेंच पाहिजे होतें.

पत्रा आम्हीं चोरबाजारांतून आणला: अल्युमिनियमचा, १८ गेजचा, म्हणजे सुमारें सव्वा मिलिमीटर जाडीचा. याहून पातळ पत्रा एंजिनाच्या थरथरीनें वाजतो व स्टडांच्या भोकांपाशीं तडकतो. पत्र्यास हात लावण्यापूर्वीं बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापावा. कार्ब्युरेटरच्या बुडाचें पॅकिंग पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनें मधलें मोठें भोंक व स्टडांचीं भोकें आंखून घ्यावीं, मग बाहेरची कड हौदाच्या पलीकडे दोन बोटें जाईल अशी ठेवावी. हा नमुना गाडींत बसवून अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा पूर्ण फिरतो कीं नाहीं, चोकची तार कोठें अडते कीं काय, बॉनेट लागतें कीं नाहीं, हें सारें पुठ्ठ्यावरच पाहून घ्यावें. आमचा पहिला नमुना दांड्यास अडला. तो पत्र्याचा असता व घाईंत तसाच बसविला असता, तर भर रस्त्यांत अ‍ॅक्सिलरेटर अडकून राहिला असता. मग काय झालें असतें हें सांगावयास नको.

काम एंजिन पूर्ण थंड असतांनाच, मोकळ्यावर करावें. बॅटरीची तार आधीं सोडावी. सांडलेलें पेट्रोल डब्यांत धरून झांकण लावावें. जवळपास बिडी ओढणारा मनुष्य कितीही वडीलधारा असला तरी त्यास दूर बसण्याची विनंति करावी. आम्हांस ती काकांनाच करावी लागली.

आतां थर कसे रचावयाचे तें पाहा. सर्वांत खालीं मॅनिफोल्ड, त्यावर पॅकिंग, त्यावर पत्रा, पुन्हां पॅकिंग, मग बेकेलाइटचा, साधारण आठ-दहा मिलिमीटर जाडीचा ठोकळा, पुन्हां पॅकिंग, आणि सर्वांच्या वर कार्ब्युरेटर. हा क्रम महत्त्वाचा आहे. पत्रा ठोकळ्याच्या वर, कार्ब्युरेटरला लागून बसविला तर पत्र्यानें गोळा केलेली सारी उष्णता थेट कार्ब्युरेटरलाच पोंचते. ठोकळा मध्यें असला म्हणजे पत्रा तापला तरी तो आपल्या जागीं तापतो. ठोकळ्याच्या जाडीमुळें मूळचे स्टड आंखूड पडतात; चार आटे धरले म्हणजे झालें असें न मानतां लांब स्टडच घालावेत. खालच्या मॅनिफोल्डपासून पत्रा निदान दोन सेंटिमीटर अलग राहावा व वर हौदाच्या बुडाशींही तेवढीच फट असावी. अल्युमिनियम ६६० अंशांना वितळतें, तेव्हां लाल होणाऱ्या लोखंडास तें टेकून बसवूं नये.

पत्र्याच्या तीन कडा अर्धा इंच वर वळवाव्यात, म्हणजे त्यास ताठपणा येतो. चौथी, मॅनिफोल्डपासून दूर असलेली कड मात्र वळवूं नये. उलट पत्रा त्या बाजूस किंचित् उतरता ठेवावा. चुकून पेट्रोल गळलेंच तर तें पत्र्यावर तळें करून राहूं नये, अथवा तापलेल्या लोखंडावर पडूं नये. कापलेल्या सर्व कडांवर कानस मारणें विसरूं नये. पेट्रोलची नळी अशा कडेला घासून कापली जाते.

सारें बसविल्यावर एंजिन चालू केलें तर तें एकसारखें न चालतां वरखालीं होऊं लागलें. काका कांहीं न बोलतां घरांत गेले व वाटींत साबणाचें पाणी घेऊन आले. तें सांध्यांवर थोडें थोडें सोडतांना एके ठिकाणीं पाणी आंत ओढलें गेलें व क्षणभर एंजिन स्थिर झालें. तेथें पॅकिंग दुमडलें होतें. सांध्यांतून हवा शिरली कीं मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें व एंजिन आणखी तापतें; म्हणजे उष्णता अडविण्यासाठीं केलेलें कामच उष्णता वाढवितें. पॅकिंग बदललें, नट आळीपाळीनें थोडे थोडे आंवळले, आणि आवाज नीट झाला.

गुण आला कीं नाहीं हें पाहावयास आमच्याजवळ थर्मामीटर नव्हता. मेणबत्तीचें मेण साधारण ५५ ते ६० अंशांना वितळतें, म्हणून न पेटविलेल्या मेणबत्तीचे दोन कपचे खरवडून मीं हौदाच्या झांकणावर ठेविले. पत्रा बसविण्यापूर्वीं, दादरपर्यंत जाऊन आल्यावर, गाडी उभी करून बॉनेट लावलें असतां पांच मिनिटांत मेणाचें पाणी होत असे. पत्रा बसविल्यावर तसेंच जाऊन आलों, पाव तास थांबून बॉनेट उघडलें. कपच्यांच्या कडा मऊ पडल्या होत्या, परंतु ते जागच्या जागीं होते. वडिलांनीं किल्ली फिरविली आणि एंजिन पहिल्याच खेपेस सुरू झालें. त्या उन्हाळ्यांत फीचा डबा पुन्हां उघडावा लागला नाहीं.

हा उपाय सर्व दुखण्यांवरचा नव्हे. रेडिएटर गाळानें भरला असेल, ठिणगी उशिरां पडत असेल, सायलेन्सर तुंबला असेल किंवा पंपाचा पडदा फाटला असेल, तर आधीं त्यांची दुरुस्ती करावी; पत्रा त्यानंतर. पत्राही वर्षांतून एकदां, उन्हाळा लागण्यापूर्वीं, एंजिन थंड असतांना पुसून लख्ख करावा, कारण तेल व धूळ बसून तो काळवंडला म्हणजे लेस्लीच्या घनाच्या काळ्या बाजूसारखा वागूं लागतो.

आजच्या गाड्यांत हें सारें करावें लागत नाहीं. त्यांत कार्ब्युरेटरच नसतो. पंप टाकींत बुडालेला असून तो पेट्रोल ओढण्याऐवजीं वातावरणाच्या कित्येक पट दाबानें पुढें ढकलतो, आणि दाबाखालीं पेट्रोल सहजासहजीं उकळत नाहीं. मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती; वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तथापि ज्यांनीं हौसेनें जुनी फियाट वा अँबॅसडर जपून ठेविली आहे, त्यांना हा प्रश्न पूर्वींपेक्षांही अधिक जाणवण्याचा संभव आहे. अलीकडे पेट्रोलमध्यें शेंकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलें जातें. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळतें, परंतु पेट्रोलच्या संगतींत मिश्रणाची वाफ होण्याची प्रवृत्ति कांहीं अंशीं वाढवितें. शिवाय जुन्या रबरी नळ्यांना व पंपाच्या पडद्यांना तें मानवत नाहीं. अशा गाडींत पत्रा बसवितांना नळ्या व पडदा हे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे आहेत कीं नाहीं हें त्याच वेळीं पाहून घ्यावें.

आमचा पुठ्ठ्याचा नमुना पुढें दोन उन्हाळे जांबोरी मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या टॅक्सीवाल्यांत फिरत होता. फियाटचा कार्ब्युरेटर वेगळा, म्हणून प्रत्येकजण त्यावर आपल्या गाडीचीं भोकें नव्या रंगाच्या पेन्सिलीनें आंखी, व कोणतीं भोकें कोणाचीं हें विचारावयास संध्याकाळीं काकांच्या दाराशीं येई. ते खाटेवर बसून, मध्यें मध्यें दम घेत, सांगत असत.